'रक्तप्रवाह मोजून कॅन्सर कळतो ही कल्पनाच चुकीची' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, उत्तर जरा लांबलंय पण तुमचा आक्षेप दोन ओळींत उडवण्यासारखा नाही. तुमचं म्हणणं असं की डॉपलर सोनोग्राफीने (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) लिव्हरचा रक्तप्रवाह मोजून दुसऱ्या अवयवातून लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर ओळखायचा ही कल्पनाच चुकीची, आणि असलं वाचून पेशंट सीटी टाळतील.

सीटी, एमआरआय टाळा असं मी म्हणत नाही, कुणी टाळूही नये. पण कल्पना चुकीची हे मला अजिबात पटत नाही. निरोगी लिव्हरला साधारण 75 टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणारी शीर) येतं, बाकीचं हिपॅटिक आर्टरीतून (लिव्हरची धमनी), आणि पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी मात्र मुख्यतः आर्टरीच्या रक्तावर वाढतात, मग एकूण प्रवाहात आर्टरीचा वाटा वाढणार हे सरळ आहे. 1990 च्या दशकात ग्लासगोत एडवर्ड लीन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये हाच वाटा मोजला, 0.30 च्या वर गेला की संशय. रिझल्ट खरंच आशादायक होते.

घोडं अडलं ते मोजण्यात, आणि इथे तुमच्याशी मी सहमत आहे. प्रवाह काढताना रक्तवाहिनीच्या व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे 4 मिमीची आर्टरी 4.5 मोजली की प्रवाह 27 टक्के जास्त दिसतो! म्हणजे आर्टरीत मिनिटाला 300 मिली आणि पोर्टलमध्ये 1000 मिली असेल तर खरा वाटा 0.23, तो या अर्ध्या मिलिमीटरने 0.28 होतो, त्यात पोर्टल व्हेन थोडी कमी मोजली गेली की आपण 0.30 ला टेकलोच. शिवाय प्रोबचा (पोटावर फिरवायच्या यंत्राचा) अँगल, पेशंटचा श्वास, पोटातला गॅस. जेवणानंतर पोर्टलचा प्रवाह वाढतो म्हणून तपासणी उपाशीपोटी लागते, आणि सिरॉसिसमध्ये (लिव्हर घट्ट, व्रणांनी भरलेलं होण्याचा आजार) कॅन्सर नसतानाही आर्टरीचा वाटा वाढू शकतो. दुसऱ्यांना तसे रिझल्ट मिळाले नाहीत ते उगाच नाही, म्हणून ही रोजची टेस्ट झाली नाही.

पण तेच रक्तपुरवठ्याचं ज्ञान आज कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत रोज वापरलं जातंय. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे देतात, पडद्यावर निरोगी लिव्हर काही मिनिटं उजळ राहतं आणि पसरलेली गाठ लवकर काळी पडते, इथे व्यास मोजायचाच नसतो. तेव्हा कुणाच्या रिपोर्टवर नुसता डॉपलरचा वाढलेला आकडा असेल तर त्यावरून कॅन्सर पसरलाय असं धरू नका, आणि आकडा नॉर्मल आला म्हणून ऑन्कोलॉजिस्टने (कॅन्सरतज्ज्ञाने) सांगितलेला स्कॅनही सोडू नका.