तिसरा ठिपका कुठला?

फुलपाखरं ओळखण्यात मोठा आनंद आहे, असं म्हणणाऱ्याच्या वाट्याला ग्रास यलो आलेलंच नसतं. कॉमन ग्रास यलो आणि थ्री-स्पॉट ग्रास यलो: दोन्ही पिवळीधमक, दोन्ही ४ ते ५ सेंटिमीटरची, दोन्हींच्या पंखांना वरून काळी किनार. त्या किनारीची तरी तुलना करावी म्हटलं, तर ही मंडळी बसली रे बसली की पंख मिटतात. उघडतात ते उडताना, आणि उडताना धड एका रेषेत जातील तर शपथ.

म्हणून सगळी भिस्त पंखाच्या खालच्या बाजूवर. पुढच्या पंखाच्या मुळापासून साधारण मध्यापर्यंत शिरांनी बंदिस्त असा लांबट कप्पा असतो, त्याला सेल म्हणतात. कॉमनच्या सेलमध्ये बारीक तपकिरी ठिपके दोन, थ्री-स्पॉटच्या तीन. (एकच ठिपकेवालं वन-स्पॉटही आहे, पण आधीच काय कमी ताप आहे?) सोपं वाटलं ना? मात्र बसल्यावर पुढचा पंख मागच्या पंखाआड सरकतो आणि नेमका हाच कप्पा बराचसा झाकला जातो. ओळखपत्र दिलंय, पण खिशात घालून वर बटण लावलंय!

ठिपके दिसले तरी मोजणीत घोळ ठरलेला. सेलच्या टोकाशी कड्यासारखी एक मोठी वेडीवाकडी खूण असते. ती दोघांनाही असते. ती हिशोबात धरली की साध्या कॉमनला तिथल्या तिथे बढती! मोजणी मुळाकडून सुरू करावी आणि त्या कड्याच्या अलीकडे थांबावं. कोरड्या ऋतूत कॉमनच्या पंखाच्या टोकाला तांबूस डाग उमटतो. तो पाहून भलतीच जात जाहीर करणारे उत्साही वेगळेच.

फोटो घ्यायचा तर नर ओल्या मातीवर क्षार शोषत बसतात तेव्हा. कॅमेरा पंखाला समांतर हवा, म्हणजे आडवं पडणं आलं. उन्हात पिवळा रंग जळतो नि ठिपके पुसट होतात, म्हणून कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (फोटोचा उजेड) अर्धा-एक स्टॉप, म्हणजे थोडं, कमी ठेवावं.

त्यापेक्षा अंडी बरी. कॉमनची मादी एकेक सुटं अंडं घालते, थ्री-स्पॉटची झुबक्याने. थ्री-स्पॉटच्या अळ्याही घोळक्यानेच पानं फस्त करतात.

सेल दिसत नसेल, तर माझ्या मते फोटोखाली नुसतं ‘ग्रास यलो’ लिहावं. तरीही कुणी छातीठोकपणे थ्री-स्पॉट लिहिलंच, तर मी नम्रपणे एवढंच विचारतो: तिसरा कुठला धरलात?