21 दिवसांत बीपीची गोळी सुटते म्हणे!

गेल्या महिन्यात माझ्या औषधाच्या दुकानात तिघांनी बीपीच्या गोळ्यांची नेहमीची पट्टी नको म्हणून सांगितलं. तिघांच्याही मोबाईलवर एकच मेसेज. थोडक्यात तो असा: रोज 45 मिनिटं चाला, 21 दिवसांत बीपी कायमचा नॉर्मल. गोळीची सवय लागते, म्हणून ती आजच बंद करा. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला वेगळा व्यायाम लागत नाही. आणि घाम जितका जास्त, तितका बीपी कमी.

गोळ्या विकणारा गोळीचीच बाजू घेणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी स्वतः रोज पहाटे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकडे चालायला जातो. चालण्यानं बीपी उतरतो हे खरंच आहे. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून बाकीच्या थापा खपतात, एवढाच माझा राग.

उतरतो किती? वाढलेला बीपी असणारा माणूस नियमित भरभर चालला, तर वरचा आकडा साधारण 5 ते 8 नं खाली येतो. हे थोडं वाटलं तरी हलक्या डोसची एक गोळी याच्या आसपासच काम करते. पण 170 वाला नुसता चालून 120 वर येत नाही. आणि ‘कायमचा’ हा शब्द तर साफ खोटा. चालणं सुटलं की काही आठवड्यांत आकडा परत वर चढतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम करा म्हणते, ते दर आठवड्याला. 21 दिवस झाले की सुट्टी, असं नाही.

मग लोकांना मेसेज पटतो कसा? आमच्या नेहमीच्या एका मामांचं उदाहरण सांगतो. नऊ दिवस गोळी बंद. सकाळी चालून थेट दुकानात आले, मशीन लावायला सांगितलं. 126/80. “बघा की ओ, उतरला का नाही?” मी म्हटलं, मामा, संध्याकाळी या की परत. संध्याकाळी खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. हात छातीच्या उंचीवर. आकडा आला 158/94. पुन्हा घेतला, तोच.

चालताना बीपी वाढतो, थांबल्यावर मात्र काही तास नेहमीपेक्षा खाली राहतो. मामांनी नेमका तोच खाली गेलेला आकडा पकडला होता. शिवाय त्यांची गोळी अ‍ॅम्लोडिपिन. ती बंद केल्यावरही तिचा असर काही दिवस अंगात राहतो. म्हणजे पहिल्या तीन-चार दिवसांत काम गोळीचं, नाव चालण्याचं!

गोळीची ‘सवय’ लागते, हेही तसंच. गोळी थांबवल्यावर आकडा वाढतो कारण आजार होता तिथंच असतो. क्लोनिडिन किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी तर एकदम बंद केली की बीपी किंवा छातीची धडधड उसळू शकते. व्यायाम, वजन, मीठ सगळं सांभाळून काहींचा डोस कमी होतो, क्वचित गोळी सुटतेही. पण ते डॉक्टर काही आठवड्यांचे आकडे बघून ठरवतात.

अंगमेहनतीचा मुद्दा सोलापुरात जास्त खोलात जाऊन बघायला हवा. पूर्व भागात यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणारा माणूस संध्याकाळी मोडून पडलेला असतो, त्याला ‘चला, फिरायला’ म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. पण तिथं तो दोन-चार पावलं जातो, तुटलेला धागा जोडतो, परत उभा राहतो. सलग वीस-तीस मिनिटं श्वास वाढलेला राहील असं त्यात काही नसतं. वर दिवसभराचा खडखडाट, आणि सततच्या मोठ्या आवाजाचा वाढत्या बीपीशी संबंध दिसलेला आहे. विड्या वळणाऱ्या बायका तर मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका जागी बसतात. थकवा म्हणजे व्यायाम नव्हे. त्यांच्यासाठी दहा-दहा मिनिटांचं भरभर चालणं, दिवसातून दोन-तीनदा, हेही चालतं.

घामाचं लवकर सांगतो. घामानं अंग गार होतं, बीपी घामातून निघून जात नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर जास्त घाम गाळून चक्कर येईल. सूर्य वर यायच्या आत चाला. आणि घाम गेला म्हणून मीठ वाढवू नका. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक लहान चमचाही नाही. कडक भाकरीबरोबरची शेंगाचटणी आणि लोणचं त्यातच धरायचं. (शेंगाचटणी सोडा म्हणायची माझीही हिंमत नाही.)

बसल्या जागी बीपी 180/110 च्या घरात असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग बूट.

मामांनी पट्टी परत सुरू केली. आता ते चालायला निघायच्या आधी बीपी घेतात आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहितात. परवा 138 होता. महिना भरला की ते पान फाडून डॉक्टरांकडे नेणार आहेत.