पडद्यासाठीच जन्मलेला सुपरहिरो

कॉमिक्समधून पडद्यावर आलेला सुपरहिरो आणि थेट पडद्यासाठीच लिहिलेला सुपरहिरो, या दोघांत मी ठामपणे दुसऱ्याच्या बाजूचा आहे. सोलापुरात आमच्या मित्रमंडळींत हा विषय निघाला की मी बहुधा एकटा पडतो, म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर मांडत आहे. ओघात काही चित्रपटांचे शेवट उघड होतील, याची आधीच कल्पना देतो.

रूपांतर म्हणजे कमी दर्जाचे काम, असे माझे अजिबात म्हणणे नाही. २००४ सालच्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये खोलीचे भाडे थकलेला, पिझ्झा पोहोचवण्याची नोकरी गमावलेला आणि ऐन वेळी अंगातली शक्तीच हरवून बसलेला पीटर पार्कर मला आजही जवळचा वाटतो. माहीत असलेली कथा पुन्हा ऐकण्याची थोर परंपरा तर आपलीच आहे. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला अभिमन्यूचे काय होणार हे ठाऊक असते, तरीही तो चक्रव्यूहात शिरला की मंडपातले श्रोते स्तब्ध होतात. मात्र तेथे एक गोष्ट पक्की असते: कथा कोणीही आणि कितीही वेळा सांगितली, तरी अभिमन्यू परत येत नाही. कर्णही परत येत नाही. श्रोत्यांच्या दुःखाला जे वजन येते, ते या न बदलणाऱ्या मरणामुळे येते.

कॉमिक्सच्या नायकांना हे मरण नाकारलेले आहे. २०१७च्या ‘लोगन’मध्ये वुल्व्हरीनचा मृत्यू इतक्या संयमाने दाखवला होता की रूपांतरालाही शोकांतिका पेलते, असे मला वाटू लागले होते; २०२४ साली तोच अभिनेता त्याच पात्राच्या दुसऱ्या आवृत्तीच्या रूपाने परतला. २०१९ साली आयर्न मॅनने प्राण दिले आणि चित्रपटगृहात लोक रडले; पुढे ती भूमिका करणाऱ्याच रॉबर्ट डाउनी ज्युनियरला डॉक्टर डूम या खलनायकाच्या रूपात परत आणण्याची घोषणा झाली. सुपरमॅन तर १९९२ साली कॉमिक्सच्या पानांवर मेला आणि १९९३ मध्ये परत आला.

यात दिग्दर्शकांचा दोष नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क कॉमिक्स कंपनीला १३० डॉलरला विकले, १९३८ साली तो छापून आला आणि तेव्हापासून तो कंपनीची मालमत्ता आहे. लेखक बदलतात, वाचकांच्या पिढ्या बदलतात, पण मालमत्ता विकण्याजोगी राहिलीच पाहिजे. दिग्दर्शकाला असा नायक भाड्याच्या घरासारखा मिळतो: रंग द्यावा, पडदे बदलावेत, पण भिंत पाडता येत नाही.

आता २००० सालचा ‘अनब्रेकेबल’ आठवावा. फिलाडेल्फियातला डेव्हिड डन हा साधा सुरक्षारक्षक रेल्वे अपघातातून एकटाच वाचतो, आणि तेही अंगावर ओरखडा न उमटता. घराच्या तळघरात तो वजने उचलतो आणि त्याचा लहान मुलगा सांगितल्यापेक्षा अधिक वजन चढवतो. वजन उचलले जाते. मग आणखी चढते. घरातली वजने संपतात तेव्हा बापलेक रंगाचे डबे लटकवतात. या प्रसंगात ना स्फोट आहे, ना उड्डाण. तरी श्वास रोखला जातो, कारण या माणसाची मर्यादा कोठे आहे हे त्यालाही माहीत नाही, मुलालाही नाही आणि आपल्यालाही नाही. सुपरमॅनने मोटार उचलली तर आपण कौतुक करतो, पण चकित होत नाही. तो ती उचलणार हे आपण तिकीट काढतानाच जाणून असतो. मुलाच्या चेहऱ्यावर भीती आणि अभिमान एकत्र उमटतात ते अज्ञातामुळे, आणि ते अज्ञात मूळ कथेच्या लेखकालाच निर्माण करता येते.

याच्या उत्तरादाखल माझे मित्र ‘द इन्क्रेडिबल्स’कडे बोट दाखवतात. अफाट बळ, लांबणारे शरीर, अदृश्य होणे हे सारे ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिक्समध्ये आधीच होते, मग २००४च्या या चित्रपटाला मूळ कसे म्हणावे? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. शक्ती उसन्या आहेत, पण प्रश्न उसना नाही. ज्यांना वाचवले त्यांनीच खटले भरल्यामुळे सुपरहिरोंवर बंदी येते आणि एक बलदंड माणूस विमा कंपनीच्या टेबलामागे बसून झिजत राहतो. पुढे त्याला संगणकावर मारल्या गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांची यादी दिसते. त्यानंतर आई मुलांना बजावते की ही माणसे तुम्ही लहान आहात म्हणून थांबणार नाहीत, तेव्हा ते आपल्याला खरे वाटते, कारण या कुटुंबाला वाचवणारा पुढच्या महिन्याचा अंक अस्तित्वातच नाही.

सगळेच मूळ नायक सरस असतात, असेही नाही. २००८च्या ‘हँकॉक’चा दारुडा, लोकांना नकोसा झालेला नायक पूर्वार्धात विलक्षण आहे, उत्तरार्धात चित्रपट त्याच्यासाठी पुरातन दैवी इतिहास शोधायला धावतो आणि हातचे गमावतो.

आपल्या देशात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०२१चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’. केरळमधल्या एका गावात एकाच रात्री दोघांवर वीज पडते: अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारा शिंपी जेसन, आणि गावाने वेडा ठरवलेला शिबू. शक्ती दोघांनाही मिळते. शिबूला जगावर राज्य करायचे नाही; ज्या उषावर त्याने आयुष्यभर प्रेम केले तिच्या आजारी मुलीच्या उपचारासाठी त्याला पैसे हवे असतात, आणि गावाच्या संतापात जेव्हा उषाच जळून जाते तेव्हा तो खलनायक होतो. त्याचे दुःख त्या गावातूनच उगवते. दुसऱ्या गावात नेले तर ते उरणारच नाही.

चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या माझ्या शहरात शिंप्याच्या दुकानातून उठलेला नायक कोणालाही परका वाटणार नाही. येथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू कानावर पडते, यंत्रमागांचा खडखडाट पूर्व भागात रोजचाच असतो, बायका घरी बसून विड्या वळतात आणि नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. यातून नायक उभा राहू शकतो आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे शिबूसारखा खलनायक उभा राहू शकतो. मराठीत २०१५ साली ‘बाजी’ने मुखवट्याच्या नायकाचा प्रयत्न केला, त्याबद्दल मला आदर आहे, पण त्या वाटेवर पुढे फारशी वर्दळ झाली नाही.

आधी कॉमिक काढावे, वाचक जमवावेत आणि मगच चित्रपटाला हात घालावा, असा सल्ला अशा वेळी दिला जातो. तो मला मान्य नाही, कारण दहा अंक चाललेल्या नायकाला अकराव्यात मारण्याचे धैर्य सहसा कोणी दाखवत नाही. सोलापूरचा नायक थेट पटकथेत लिहिला जावा, त्याचे अखेरीस काय होते हे लेखकाने पहिल्याच मसुद्यात ठरवावे, आणि तो शेवट बदलण्याचा हक्क निर्मात्याने करारातच सोडून द्यावा.