अंटार्क्टिकाचा उतारा

ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या त्या पोरानं बेळगावच्या खडेबाजारात भाजी विकायला बसायला हवं होतं, असा खणखणीत आवाज. माझं वय, वजन आणि 'अविवाहित' एवढं पाच मिनिटांत अख्ख्या दुकानाला कळलं. "अठ्ठावन किलो! साठ घालू काय?" मागं रेशनकार्डाच्या केवायसीची रांग. त्यातल्या एका बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "साठ कुठलं ओ!"

नोकरी अंटार्क्टिकातली, भारताच्या 'मैत्री' तळावर, जनरेटर मेकॅनिकची. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी तेच करतो. इथं लाईट गेली की लोक अंगणात येऊन बसतात. तिथलं अंगण हिवाळ्यात उणे तीसपर्यंत जातं. साधं डिझेल असल्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. म्हणजे काम जबाबदारीचं आहे. पण हे ऐकायला कुणाला वेळ? रांगेतले एक आजोबा खुर्ची ओढून माझ्या शेजारीच येऊन बसले.

"कुठं चाललायस रे?"

"अंटार्क्टिका. दक्षिण ध्रुवाकडं."

"कर्नाटकात येतंय का महाराष्ट्रात?"

"कुणाच्यातच नाही, आजोबा."

आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "असं कसं? जमीन हाय म्हटल्यावर उतारा कुणाच्या तरी नावावर असणारच की."

मग मी त्यांना सांगत बसलो (का, ते विचारू नका) की सात देश त्या जमिनीवर हक्क सांगतात, पण १९५९ मध्ये करार झाला. जुना दावा कुणी सोडायचा नाही, नवा कुणी करायचा नाही, सगळं आहे तसं गोठवून ठेवायचं. भारतानं १९८३ मध्ये त्यावर सही केली.

"म्हंजे कोर्टात पडलंय."

"कोर्टात नाही. गोठवलंय."

"तेच की रे! आमचं सीमेचं २००४ पासून सुप्रीम कोर्टात हाय. त्यांच्यात बर्फ तरी पडतंय."

पोरगं हसलं. हसता हसता त्यानं माझा फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी अर्जाला जोडला. तो काढून परत जोडेपर्यंत सर्व्हर गेला. आजोबांना तेवढंच पाहिजे होतं.

"पाट्या कुठल्या भाषेत असतात? काळं फासायला माणसं हायत काय?"

"हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसं असतात सगळी मिळून. मार्चनंतर नोव्हेंबरपर्यंत जहाज नाही, विमान नाही. दोन महिने सूर्यसुद्धा उगवत नाही."

"कोगनोळीच्या सीमानाक्यावर एस्ट्या अडवल्यागत," असं म्हणून त्यांनी रांगेकडं वळून जाहीर केलं, "पोरगं चांगलं हाय, पण घरात कायतरी भांडण झालेलं दिसतंय."

आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. इथं अर्ज केला की कन्नड किती येतं विचारतात. कोल्हापुरात केला की आधार बघून "कर्नाटकचे का?" म्हणतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी सगळेच भाषण करतात, आणि कारखान्यात कायम कुणी करत नाही. फौंड्रीत बारा तास उभं राहून हातात येतं तेवढ्यात लग्न काय, गाडीचा हप्ता भागत नाही. उणे तीसमध्ये जायला मला काही हौस नाही. पगार बरा आहे आणि रहिवासी दाखल्यावरून कुणी तोंड वाकडं करत नाही, एवढंच.

अर्ज शेवटी गेला. पोरानं दीडशे घेतले, "फॉरेनचं हाय" म्हणून. अर्ज जातो गोव्यातल्या संस्थेकडं, तिथवर चोर्ला घाटातनं बस जाते, आणि ह्याचं फॉरेन!

संध्याकाळपर्यंत बातमी आईच्या कानावर, तिथनं निपाणीला, जिथं माझी पत्रिका गेली होती. मुलीच्या मामांचा फोन आला. थंडीचं विचारलं नाही, अंधाराचं नाही.

"पर्मनंट आहे काय?"

"नाही. कंत्राटी."

"मग बघू," म्हणाले, आणि ठेवला.