कोथिंबीर वडीचा निवडणूक खर्च

माझ्या कोथिंबीर वडीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. मंडळाच्या गणपतीत माझंच ताट आधी रिकामं होतं. शनिवारी मात्र न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका मैत्रिणीच्या दारात एका कोवळ्या पोरानं ती वडी आत घ्यायला चक्क नकार दिला.

मैत्रिणीकडे न्यू जर्सी असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या विधानसभेच्या, एका उमेदवार बाईंसाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम होता. म्हणजे तिच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं, समोसे, चहा आणि माणशी शंभर डॉलर. उमेदवारासोबत फोटो हवा असेल तर अडीचशे. असेंब्लीच्या 80 जागा, मुदत दोन वर्षांची, त्यामुळे ही माणसं निवडून आली की लगेच पुढच्या समोशांच्या तयारीला लागतात. ‘ये हं नक्की, आपली माणसं दिसली पाहिजेत,’ असा मैत्रिणीचा आग्रह. ‘आणि येताना तुझ्या त्या वड्या आण,’ हे तिनं नंतर म्हटलं. पण मनात ते आधीचं होतं, याची आता मला खात्री आहे.

दारात प्रचाराचा पोरगा फॉर्म घेऊन उभा. नाव, पत्ता, फोन, व्यवसाय, नोकरी कुठे. खाली एक चौकोन: मी अमेरिकेची नागरिक आहे किंवा माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मी म्हटलं, एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा. ग्रीन कार्डाच्या रांगेत 2014 पासून नंबर लावलाय, अजून आलेला नाही. पोरानं पेन मागे घेतलं. परदेशी नागरिकाकडून देणगी घेता येत नाही, म्हणाला. हा नियम मला पाठ होता, आणि म्हणून तर मी निर्धास्त आले होते. शंभर डॉलर वाचणार होते.

मग त्याची नजर माझ्या हातातल्या ट्रेवर गेली.

‘हे काय आहे?’
‘वडी.’
‘कुणासाठी?’
‘खाणाऱ्यांसाठी.’
‘म्हणजे कार्यक्रमासाठी. सामानाचे पैसे कुणी दिले?’
‘मी.’

झालं. पोराच्या मते ही वस्तुरूपातली देणगी होती, आणि तीही परदेशी नागरिकाची. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात कोथिंबीर असेल असं मला वाटत नाही, पण या पोराच्या डोक्यात ती पक्की बसली होती. माझ्यामागे रांग लागली. एका बाईंनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मैत्रिणीचे सासरे बाहेर आले. काका वाळवा तालुक्यातले, गावच्या पंचायतीत बरीच वर्षं काढलेले, सध्या नातवाला बघायला आलेले. दोन महिने घरात बसून कंटाळलेल्या माणसाला दारात भांडण सापडलं की चेहरा कसा उजळतो, ते मी जवळून पाहिलं.

‘काय गं पोरी, आत का सोडंना त्यो?’

मी सांगितलं.

‘वडीवर बंदी?’
‘वडीवर नाही काका, माझ्यावर.’
‘पर वडी मागितली कुणी? आमच्या सूनबाईनं. म्हंजे वडी सूनबाईची. सांग त्याला.’

मी सांगितलं. पोरगा म्हणाला, बाजारभावानं किंमत किती होईल? सामानाची पावती आहे का?

‘कोथमिरीची पावती!’ काकांनी कपाळाला हात लावला. ‘आरं बाबा, आमच्याकडं आमदारकीच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख हाय. 40 लाख!’ आणि हे सांगता सांगता त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. ते कठड्याला धरून हसले, डोळे पुसले, पुन्हा ‘40 लाख’ म्हणाले आणि पुन्हा हसले. पोरगा मला विचारतो, ते काय म्हणताहेत? याचं इंग्रजीत काय करणार? मी म्हटलं, त्यांच्याकडेही नियम कडक आहेत.

काकांनी मग फॉइल उचलून एक वडी तोंडात टाकली. ‘एक कमी झाली. लिहून घे म्हणावं.’ तेवढ्यावर न थांबता त्यांनी बंडीतून पाकीट काढलं आणि पोरापुढे धरलं. आत 101 डॉलर. पोरगा पांढरा पडला. कारण काका तर व्हिजिटर व्हिसावर! ‘लाच न्हवं रं, आहेर हाय,’ काका समजावत होते, आणि पोरगा दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा होता.

शेवटी मैत्रीण धावत आली. ती नागरिक. ‘एवढंच ना? मी विकत घेते!’ असं म्हणून तिनं तिथल्या तिथे मला व्हेन्मोवर, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपवर, 20 डॉलर पाठवले. साठ वड्या. म्हणजे नगाला तेहतीस सेंट. मी नको नको म्हणत होते, पण पोरगा म्हणाला, घ्यावेच लागतील. काका म्हणाले, ‘सस्त्यात गेली गं.’ वीस डॉलरचं मला काही नाही. पण मैत्रिणीनं वडीचे पैसे द्यावेत आणि ते चाळीस माणसांनी बघावेत?

आत गेल्यावर मला कळलं की फुकट राबायला परदेशी माणसाला कायद्याची आडकाठी नाही. हे त्याच पोरानं मला फार आनंदानं सांगितलं. मग मी चहा गाळला, कप भरले, ट्रे फिरवला. उमेदवार बाई घरपट्टीवर बोलत होत्या. न्यू जर्सीची घरपट्टी देशात सगळ्यात जास्त, 2024 मध्ये सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेलेली. हॉलमध्ये हळहळीचा आवाज झाला. मीही हळहळले, स्वयंपाकघराच्या दारातून. घरपट्टीच्या बिलावर तो चौकोन नसतो. तिथे परदेशी नागरिकाचे पैसे पहिल्या तारखेपासून चालतात, पावतीसकट. इथे 2023 च्या कायद्यानं एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीत 5,200 डॉलरपर्यंत देता येतात, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट. ग्रीन कार्डवाल्यालाही देता येतात. मला एक वडी देता येत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आणखी एक किडा डोक्यात शिरला. एच-वन-बीवर ज्या कंपनीनं व्हिसा काढलाय तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची कमाई घ्यायची नसते. आणि मैत्रिणीनं व्हेन्मोवर कारण लिहिलं होतं, ‘वडी, निवडणूक’, पुढे अमेरिकेचा झेंडा. रात्री दीड वाजता तिला मेसेज करून ते बदलता येतं का विचारलं. तिनं हसणारे चेहरे पाठवले. नागरिकांना हसायला काय जातंय.

फॉर्मवरचा माझा फोन नंबर मात्र पोरानं खोडला नाही. तेव्हापासून रोज उमेदवार बाईंचा मेसेज येतो, माझ्या पहिल्या नावानं. मुदत आज मध्यरात्री संपतेय, पाच डॉलर तरी द्या. मी परदेशी नागरिक आहे असं उत्तर पाठवलं. आभार आले, आणि आता दहा डॉलर मागताहेत.