दीड इंचाची माया

गेल्या वर्षी पुतणीच्या साखरपुड्यासाठी शिवायला टाकलेला कुर्ता मामूंनी मला तिच्या डोहाळजेवणाच्या आधी दिला, हे कबूल केलं पाहिजे. पण अगदी थोडक्यातच आधी. मामू म्हणजे आमचे टेलर. परभणीत टेलर नात्यानं कोणीही असो, गल्लीसाठी तो मामूच.

त्या कुर्त्याचा राग डोक्यात होता, म्हणून दिवाळीत फराळाच्या ताटावर मी जाहीर केलं की यापुढं माझे कपडे मीच शिवणार. वैशाखात भाच्याचं लग्न आहे, त्याला स्वतः शिवलेलं हिमरूचं जाकीट घालणार आणि त्याआधी थंडीत स्वतः विणलेला स्वेटर.

बायको म्हणाली, "आधी त्या शर्टाची गुंडी लावा. श्रावणापासून पिन लावून हिंडायलात."

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यामुळं एखादी गोष्ट आपल्याला जमणार नाही, ही शंकाच आमच्या मनाला शिवत नाही. त्यात कापूस घरचा. वडील नांदेड ४४ लावायचे. नांदेडच्या संशोधन केंद्रातून १९८४ साली आलेलं हे वाण त्या काळी आमच्याकडं शिवारभर असायचं. वेचणी झाली की मधली खोली आढ्यापर्यंत भरायची आणि आम्ही पोरं त्यात वरून उड्या मारायचो. कापसात उड्या मारलेल्या माणसाला कापड कळतं, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

आईचं पायमशीन माळवदाच्या खोलीत पडून होतं. वरचा लाकडी टोप कधीच गेला होता. पट्टा नवीन टाकला, तेल सोडलं आणि बसलो. पायमशीनला एक खोड असते. पाय जरा चुकीच्या लयीत पडला की चाक उलटं फिरतं आणि दोरा तटकन तुटतो. म्हणून आधी हातानं चाक आपल्याकडं ओढून द्यायचं, मग पाय मारायचा. हे मला कळेपर्यंत अर्धी रीळ संपली. मग कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा असा गुंता व्हायला लागला की जणू चिमणीनं घरटं बांधलंय. मी बॉबीन काढली, पुसली, परत बसवली, शटल साफ केलं. आई खाटेवरून बघत होती.

"खाली काय शोधायलास? वरचा दोरा चुकलाय."

आणि खरंच, गुंता खाली दिसतो तेव्हा चूक बहुतेक वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. मी ट्रेझरीत नोकरी करतो, तरी हे मला शिकवावं लागलं याचंच नवल.

सुईत दोरा ओवायला मात्र मला आईच लागायची. मशीनच्या सुईचं नेढं टोकापाशी असतं. एलियस होवे नावाच्या अमेरिकन माणसानं १८४६ मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यातही ते तिथंच होतं. त्या माणसाला चाळिशीचा चष्मा नसावा. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ती दोऱ्याचं टोक ओठांत धरायची, चिमटीत चपटं करायची आणि एका झटक्यात आरपार. मी तोवर दिव्याची जागा बदलत असायचो.

संभाजीनगरहून हिमरू आणलं. उभा धागा सुती, आडवा रेशमी, त्यावर आमसुली वेलबुट्टी. आता माप घ्यायचं. स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, कारण टेपकडं बघायला वाकलं की पोटाचा आकार बदलतो. म्हणून बायकोला बोलावलं. तिनं टेप गुंडाळला तसा मी श्वास आत घेतला. कोणीही घेतो.

"अडतीस," ती म्हणाली. मग टेप धरूनच स्वस्थ उभी राहिली. मीही उभा राहिलो. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. "सोडा आता," ती म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. बोलायला श्वास लागला असता. शेवटी सुटलाच. टेप तिच्या बोटांतून सुळकन सरकला आणि तिनं शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात आकडा वाचला, "एक्केचाळीस!"

वहीत मी अडतीस लिहिलं. लग्नाला अजून अवकाश होता. रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या बाजूला फिरायला जायचं ठरलं होतं, तीन इंच म्हणजे काय मोठी गोष्ट? तीन दिवस गेलोही.

अडतीसची रेघ खडूनं आखली आणि बरोब्बर रेघेवर कात्री चालवली. मंजूर तेवढाच खर्च, हा ट्रेझरीचा शिरस्ता. पण हिमरूच्या मागच्या अंगाला बुट्टीचे रेशमी धागे सुटे असतात. कापल्याबरोबर चारी कडांना दशा निघाल्या. (हा श्लेष मी केलेला नाही, कापडानं केलाय.) त्या झाकायला मी कडा दुमडल्या. दुमडून टीप मारली, टीप वाकडी गेली म्हणून उसवली, उसवताना आणखी दशा. शेवटी जे तयार झालं ते आमच्या पाचवीतल्या पोराला व्यवस्थित आलं असतं. त्यानं घालायला नकार दिला, हा भाग वेगळा.

आईनं ते उलटं करून शिवणीवरून अंगठा फिरवला. "माया कुठाय?"

"कसली माया?"

"कापडाची. शिवणीत सोडायची असते. बगलेला चांगली दीड इंच सोडावी. माणूस काय जन्मभर एकाच मापात राहतो का?"

स्वेटरची गत त्याच्या उलट. ऑफिसातल्या एका मॅडमनी मला जेवणाच्या सुट्टीत विणायला शिकवलं. मशीनवर बसलेला पुरुष दिसला की लोक विचारतात, पँटची उंची कमी करायला किती घ्याल. हातात विणायच्या सुया असलेला पुरुष दिसला की हळू आवाजात विचारतात, घरी सगळं बरं आहे ना. आमच्या साहेबांनी तर दार लावून घेऊन विचारलं.

मॅडम म्हणाल्या होत्या, अकरा नंबरच्या सुया आणा. दुकानात गेल्यावर वाटलं, आपल्याला कसं बारीक, सफाईदार काम हवं. मग नंबरही कमीच घ्यावा. सहा नंबर घेतल्या. आपल्याकडच्या सुयांचा हिशेब उफराटा आहे. नंबर वाढला की सुई बारीक होते, अकरा नंबर तीन मिलिमीटरची आणि सहा नंबर पाचाची. आधी दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून त्यात टाके किती बसतात ते मोजायचं असतं, तेवढ्यात हे उघडं पडलं असतं. पण चौकोन अंगात घालता येत नाही, म्हणून मी थेट पाठीला हात घातला. सुलट, उलट, सुलट, उलट. पाठ रुंद व्हायला लागली. मला वाटलं, हात बसतोय.

परभणीची थंडी तशी नाव राखून आहे, पण ती माझ्यासाठी थांबली नाही. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली तेव्हा माझी एक बाही व्हायची होती. ती मी मे महिन्यात पुरी केली. बाहेर त्रेचाळीस अंश, मांडीवर सहाशे ग्रॅम लोकर, कूलरमध्ये पाणी नाही. घामेजल्या बोटांवरून लोकर सरकेना, प्रत्येक टाका ओढून काढावा लागायचा.

लग्नाला आठ दिवस उरले. अंधार पडल्यावर जाकीट पिशवीत घालून मामूंकडं गेलो. मामूंनी ते दिव्याखाली धरलं, आतबाहेर केलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं. मग गळ्यातला टेप काढून माझ्या पोटाभोवती टाकला. मी सवयीनं श्वास घेतला.

"छोडो साब, साँस छोडो," मामू म्हणाले. "शादी में साँस तो लेना पडताय ना."

मी सोडला. त्यांनी आकडा वाचला नाही, नुसता पाटीवर खडूनं लिहिला. दोन्ही बगलांना काळ्या कापडाच्या रुंद पट्ट्या घालायचं ठरलं.

"कधी येऊ?"

"परसों आव."

मी मुकाट्यानं मान डोलावली. आठव्या दिवशी, वरात निघायच्या तासभर आधी जाकीट मिळालं. लग्नात दोघांनी विचारलं, ही काळ्या पट्टीची नवीन फॅशन का, कुठं शिवलं? दोघांनाही मामूंचा पत्ता दिला.

स्वेटर अंगात घालून बघितला तेव्हा त्यात मी आणि बायको दोघं मावलो. बाह्या गुडघ्यापर्यंत. तो उसवायची हिंमत होईना, म्हणून कपाटावर टाकून दिला. परवा माळवदाच्या खोलीत गेलो तर मशीनवर काहीतरी निळं दिसलं. टोप हरवल्यापासून धूळ बसते म्हणून आईनं तो मशीनला चढवला होता. एका बाहीत हातचाक नेमकं बसलं होतं, दुसरी बाही टेबलावर घडी करून ठेवलेली. कुठं चुणी नाही की ताण नाही.

आईनं चष्मा वर करून एकदा सगळीकडून बघितलं.

"गळा तेवढा मोठा झाला," ती म्हणाली.