पिठाचं बाळंतपण

आमच्या ओट्यावर चार वर्षांपासून एक ओटीजी, म्हणजे छोटा ओव्हन, आहे. त्यात आजवर दोन कढया, पापडाचा डबा, जास्तीचे झारे आणि एकदा पाहुण्यांपासून लपवलेला काजूकतलीचा बॉक्स एवढं राहून गेलं. भाजलं काहीच गेलं नव्हतं.

डिसेंबरात मेव्हण्याचा गोव्याहून, म्हापशाहून फोन आला, "नाताळच्या सुटीत येतो." बायकोने तिथल्या तिथे शागोतीचा, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातल्या सामिष रश्श्याचा, बेत जाहीर केला आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, बोलून गेलो, "पाव मी घरी करतो."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मेव्हणा म्हणाला, "भावजी, घरी कशाला? तुमच्याकडे बेकरी नाही?"

इथेच मी शहाणा व्हायला हवं होतं. कारण हा मनुष्य पावाच्या प्रदेशातला. तिथे भल्या पहाटे आणि पुन्हा दुपारनंतर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत दारात येतो. कडक कवचाचा उंडो, कोंड्यात घोळलेली पोई, बांगडीसारखं कांकण, जे हवं ते गरम गरम हातात. पाव हा शब्दही पोर्तुगीज आणि पोदेरही. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर त्या लोकांना जेवायला पाव हवा होता, पण पीठ फुगवायला यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर, म्हणजे माडी, घालून त्यांनी काम भागवलं म्हणतात. एवढ्या परंपरेच्या माणसांनीसुद्धा पाव घरी करायच्या भानगडीत न पडता पोदेर ठेवला, यातलं मर्म मला तेव्हा कळलं नाही.

आमच्याकडेही वेगळं काय होतं? लहानपणी दिवाळीआधी नानकटाईचं पीठ डब्यात घालून गल्लीतल्या बेकरीपुढे रांगेत उभा राहिलेला मी. आपण पीठ न्यायचं, भाजणार तो. भट्टी ही दुसऱ्याच्या घरी असते, हे आमच्या पिढीचं ज्ञान.

आई तर मुळातच विरोधी पक्षात. "पाव पायाने मळतात, म्हणून त्याला पाव म्हणतात," हा तिचा सिद्धान्त. मी पोर्तुगीज व्युत्पत्ती सांगितली. ती म्हणाली, "त्यांना काय माहिती?"

पंचवीस तारखेला सकाळी सातला मी वजनकाटा मांडून बसलो. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम यीस्ट, नऊ ग्रॅम मीठ. बायको शेजारी उभी राहून बघत होती. तिने आयुष्यात पीठ मोजलेलं नाही. परातीत हात घातला की किती जणांच्या पोळ्या आहेत ते हाताला कळतं. "नऊ ग्रॅम?" ती म्हणाली. "दहा झालं तर पोलीस येतात का?"

तीनशे मिलि दूध घालायचं होतं. ते मी फ्रिजमधून काढलं आणि तसंच ओतलं. ही पहिली चूक. पण तिचं फळ मिळायला एक दिवस लागला, म्हणून आत्ता सांगत नाही.

मग मळणं. पोळीची कणीक पाच मिनिटांत तिंबून होते आणि शहाण्या मुलासारखी बाजूला बसते. हे पीठ मात्र दहा बोटांना, मनगटांना, नळाला आणि चष्म्याला लागलं. पाककृतीत लिहिलं होतं की गोळा ताणल्यावर पडद्यासारखा पातळ व्हावा आणि त्यातून उजेड दिसावा. मी ताणला. भोक पडलं आणि त्यातून आई दिसली.

आता उबदार जागी तासभर ठेवायचं होतं. पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी उबदार जागा एकच, पांघरूण, आणि त्यात मेव्हणा होता. रात्रीच्या बसने येऊन नुकताच आडवा झालेला. शेवटी सोसायटीने मला सचिवपदावरून मोकळं करताना दिलेली शाल काढली. चार वर्षांच्या सेवेचं ते एकमेव फळ, पातेल्याभोवती गुंडाळलं. खिडक्या लावल्या. पंखा बंद. "हळू बोला," मी म्हणालो, "फुगतंय."

"पीठ आहे की बाळंतीण?" आई म्हणाली, पण आवाज तिनेही खाली आणला.

आठ वाजले, नऊ वाजले. दर दहा मिनिटांनी शाल उघडून बघत होतो. मेव्हणा उठून आला, पातेल्यात डोकावला आणि दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने बाहेर जाऊन बसला. साडेदहाला गोळा जसा ठेवला होता तसाच. उलट थोडा खचल्यासारखा वाटला.

"गेलं ते," बायको म्हणाली. "टाका."

मागच्या बाल्कनीतल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत मी जड हाताने तो गोळा सोडला, झाकण लावलं आणि दुसरा घाणा घ्यायला आलो. आता कारण कळलं होतं: दूध गार होतं. यीस्ट हा जीव आहे, त्याला कोमट लागतं, चाळीस अंशांच्या आसपास. घरात तापाचा थर्मामीटर होता, पण तो मी पाण्यात घातलेला पाहताच आईने हिसकावून घेतला. "बोट घालून बघायचं असतं," असं म्हणत तिने स्वतः बोट घातलं. "कोमट आहे. ओत."

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे बोट गेली साठ वर्षं तव्यावरच्या भाकरी उलटतंय. फुलका जाळावरून उचलतंय. त्या बोटाला जे कोमट, त्यात चहा होतो. आणि यीस्ट साठ अंशांच्या आसपास मरतं. मी ओतलं. फसफस नाही, बुडबुडा नाही. पण तोवर साडेअकरा झाले होते, शागोतीच्या खोबऱ्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता, आणि मी मनाची समजूत घातली की ओव्हनमध्ये गेल्यावर फुगेल.

ओव्हनमधून कढया काढल्या. एक झारा राहिला, तो नंतर वासावरून सापडला.

दीड वाजता पाव ताटात आले. रंग चांगला होता. आवाजही चांगला होता. ताटात ठेवल्यावर ठण्ण झालं. मेव्हण्याने एक उचलला, दोन्ही हातांनी मोडायला गेला, मग गुडघ्याचा आधार घ्यावा की काय असा विचार करताना दिसला. शेवटी रश्श्यात बुडवून ठेवला आणि दहा मिनिटं भात खाल्ला. परत येऊन एक घास घेतला. खूप वेळ चावला.

"भावजी," तो म्हणाला, "उंडो बरा झालाय."

मी लाद्यांचा मऊ पाव करत होतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. एवढ्यात बायकोने न बोलता पोळ्यांचा डबा मध्ये ठेवला. ती त्या कधी लाटून मोकळी झाली, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दारात, हातात आमची बादली, आणि चेहऱ्यावर संशय.

"साहेब, ह्याच्यात काय टाकलंय? झाकण बसंना."

बाल्कनीत दुपारभर ऊन येतं. बादलीच्या काठावरून, कांद्याच्या सालींना आणि खोबऱ्याच्या चोथ्याला पोटाशी घेऊन, एक गुळगुळीत, टम्म, बुडबुड्यांनी भरलेला गोळा वर आला होता. दुप्पट कसला, तिप्पट. बोटाने दाबला तर खड्डा पडला आणि हळूच भरून आला, अगदी पाककृतीत लिहिलं होतं तसा.

आई माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिली.

"शाल आणू का?" ती म्हणाली.